मुक्ता, अर्जावर तुझं एकटीचंच नाव का?

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास आणि नंतर उचललाच नाहीस. आई म्हणते, दोघांचेही आवाज चढले होते. ते भांडण मला पुढे न्यायचं नाही. तुमच्या मागण्यांचा तुझा मसुदा मात्र मी शांतपणे वाचलाय, आणि त्यावर नीट बोलायचं राहून गेलं म्हणून लिहितो आहे. आंदोलनाच्या पोलीस परवानगीच्या अर्जावर आयोजक म्हणून तुझं एकटीचं नाव आहे, हे दादाने सांगितलं. त्याबद्दल मी काही बोलणार नाही.

मसुद्यातलं पहिलं कलम वाचून ऊर भरून आला. 17व्या लोकसभेला, म्हणजे 2019 ते 2024, अखेरपर्यंत उपाध्यक्षच नव्हता, आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद 93 मध्ये तो ‘शक्य तितक्या लवकर’ निवडा म्हटलंय पण मुदत घातलेली नाही, हे तू बरोबर हेरलंस. मुदत घाला, एवढीच तुझी मागणी. सुधारणा अशीच मागावी. फट नेमकी कुठे आहे ते बोट ठेवून दाखवावं. नंदाआत्याला मी ते कलम फोनवर वाचून दाखवलं.

तिसऱ्या कलमाशी मात्र अडलो. संसदीय पद्धत मोडून थेट निवडून आलेला राष्ट्रपती आणायचा, म्हणजे कामं झपाट्याने होतील, असं तुम्ही लिहिलंय. तुझी घाई मला समजते. लोकपालाची शिफारस प्रशासकीय सुधारणा आयोगाने 1966 मध्ये केली, कायदा 2013 चा, आणि पहिला लोकपाल नेमला गेला 2019 मध्ये. हे पाहून तरुण माणसाला संताप यायलाच हवा. पण यातला उशीर लोकसभेत फार प्रश्न विचारले गेले म्हणून झाला का? प्रश्न विचारणाऱ्यांचा जोर कमी पडला म्हणून झाला. आणि तुम्ही तर तो जोरच काढून घ्यायला निघालात.

4 नोव्हेंबर 1948 चं बाबासाहेबांचं घटना समितीतलं भाषण काढून वाच. अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य जास्त, संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त, आणि मसुदा समितीने जबाबदारी निवडली, असं त्यांनी स्वच्छ सांगितलंय. सरकारचा हिशेब पाच वर्षांनी मतदार घेतातच, पण सभागृहात तो रोज घेतला जावा, यासाठी. माझी सगळी नोकरी लेखापरीक्षणात गेली, त्यामुळे हे मला पुस्तकातलं वाटत नाही. आम्ही आक्षेप काढायचा, खात्याने उत्तर द्यायचं, पटलं नाही तर तो आक्षेप ‘पॅरा’ म्हणून अहवालात जायचा. अहवाल संसदेपुढे गेला की लोकलेखा समिती, म्हणजे सरकारी खर्च तपासणारी खासदारांची समिती, सचिवांना समोर बसवून विचारते. त्या समितीचा अध्यक्ष 1967 पासून विरोधी पक्षाचा असतो. तसा कायदा नाही, प्रथा आहे, आणि टिकली आहे. आम्ही लिहिलेल्या एखाद्या ओळीवर दिल्लीत कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं, या जाणिवेवर मी इतकी वर्षं काम केलं.

मग बिघडलंय कुठे? माझ्या मते व्हिपपाशी, म्हणजे मत कसं द्यायचं या पक्षाच्या आदेशापाशी. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्याने खासदाराला प्रत्येक मतदानात पक्षाने सांगितलं तेच बटण दाबायला लावलं. साध्या विधेयकावर विरोधी मत दिलं तरी सदस्यत्वावर गदा. दिनेश गोस्वामी समितीने 1990 मध्येच सुचवलं होतं की ही सक्ती विश्वासदर्शक ठरावासारख्या प्रसंगापुरतीच ठेवा. त्याला आता किती वर्षं झाली बघ. आणि फुटायचं ते या कायद्याला न जुमानता फुटतातच, 2022 मध्ये आपल्या राज्यात आपण पाहिलंच. दुसरं, विधेयकं छाननीसाठी खासदारांच्या स्थायी समितीकडे जाणं. 15व्या लोकसभेत साधारण दहातली सात जात होती, 17व्या लोकसभेत सहातलं एक. ती समितीकडे पाठवणं बंधनकारक करा, अशी मागणी घेऊन रस्त्यावर उतरलीस तर मी सगळ्यांना अभिमानाने सांगेन.

शेजारी श्रीलंकेने 1978 मध्ये सर्वाधिकारी राष्ट्रपती आणला. 1994 पासून तिथले उमेदवार ते पद रद्द करू म्हणून मतं मागत आलेत, पद अजून तसंच आहे. 2022 मध्ये लोक राष्ट्रपती भवनात घुसले तेव्हा कुठे एक राष्ट्रपती गेला. एकदा घडवलेली खुर्ची मोडायला तिच्यावर बसलेला माणूस कधी तयार होत नाही, मुक्ता.

व्याख्यान झालं खरं. माफ कर. आई मागून वाचतेय आणि ‘पुरे’ म्हणतेय.

पण अर्जाचं काय? चार जणांनी सह्या का नाही केल्या? तुमचे ते सर कुठे आहेत? जमावबंदीचं जुनं 144 कलम आता 163 झालंय, गुन्हा नोंदवायला तेवढंही पुरतं. पुढे पासपोर्ट, नोकरी, सगळीकडे ते विचारतात.

आणीबाणीत आबांना मिसाखाली, म्हणजे खटल्याविना डांबण्याच्या कायद्याखाली, नेलं तेव्हा मी लहान होतो. त्यांनी कोट घातला, आजीला म्हणाले, दळण टाकून ये, मी येतो. एकोणीस महिने आजी येरवड्याला चकरा मारत राहिली. कधी भेट मिळे, कधी डबा घेऊन परत. घरात कुणी आवाज चढवत नसे. आणीबाणीचा हुकूम निघाला तेव्हा मंत्रिमंडळाला विचारलंसुद्धा नव्हतं, सकाळी कळवलं गेलं. आणि कोठडीतल्या माणसाला न्यायालयात दाद मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्ये चार विरुद्ध एक मतांनी म्हटलं. तो एक म्हणजे न्या. एच. आर. खन्ना. आबा सुटून आल्यावर त्यांचं नाव घेताना उभे राहायचे. पुढे 44व्या घटनादुरुस्तीने ठरवलं की मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी आल्याशिवाय आणीबाणी नाही, आणि आणीबाणीतसुद्धा जगण्याचा हक्क निलंबित करता येणार नाही. राज्यघटना मोडून नवी लिहायची भाषा तेव्हाही काही जण करत होते. आबा म्हणायचे, कुलूप जिथे तुटलं तिथेच बसवा.

तू त्यांच्यासारखीच आहेस. मला याचंच भय वाटतं आणि याचंच कौतुकही.

अर्ज देण्याआधी अजितला दाखव, तो आता सत्र न्यायालयात उभा राहतो. गर्दीत पुढे राहू नकोस. राहशीलच, माहीत आहे, तरी लिहितो.

शुक्रवारच्या रात्रीच्या गाडीने मी येतो आहे. अर्ज बदलून घे आणि आयोजक म्हणून दुसरं नाव माझं लिही, पूर्ण नाव, घरच्या पत्त्यासकट. तिसऱ्या कलमाला माझी हरकत आहे, ती मसुद्याच्या शेवटी लेखी जोड. आई सोबत लाडू देतेय.

तुझा,
बाबा