बाबा, या पावसाळ्यात दाणेदार औषध नको

ती. बाबा आणि आई यांस सा. न.

फोनवर हा विषय काढला की बाबा फोन आईकडे देतात, म्हणून लिहितेय. अंजिरांची मुळं खाणाऱ्या हुमणीच्या अळीसाठी औषध घेतलंय, पैसेही भरलेत. रविवारी पुण्याहून सासवडला घेऊन येते. बाबा, रागावू नका. मागच्या पावसाळ्यात दाणेदार औषध टाकून आलात आणि रात्रभर खोकत होतात, हे आईने मला थेट दिवाळीत सांगितलं. त्या दाणेदार फोरेटवर तर २०२० अखेर बंदीच आलीय. कोठीत जुना डबा असेल तर त्याला हात लावू नका, मी बघते.

हे औषध म्हणजे जिवंत सूत्रकृमी, मातीतले धाग्यासारखे बारीक कृमी. आपली डाळिंबं सूत्रकृमींनीच घालवली, म्हणून दचकाल. पण मुळांना गाठी आणणारे ते वेगळे. हे मुळाला तोंडच लावत नाहीत. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे जीव ओल्या मातीतून हुमणी गाठतात, तिच्या तोंडातून किंवा श्वासाच्या छिद्रांतून आत शिरतात आणि पोटातले जिवाणू सोडतात. त्या जिवाणूंनी अळी मरते. पांढरी हुमणी विटकरी लाल होते, उकरून बघा. हेटरोऱ्हॅब्डायटिस इंडिका ही जात तर तमिळनाडूच्या मातीत सापडलेली, आपल्याकडच्या उन्हापावसाची. गांडुळांना, गाईला, तुमच्या छातीला हिचा त्रास नाही. मोठी अळी मात्र सहज दाद देत नाही, म्हणूनच घाई केली.

वळवानंतर रात्री तुम्ही कडुनिंबाच्या फांद्या हलवायचात, मी रॉकेलच्या पाण्याची बादली धरायचे. टपटप हुमणीचे भुंगेरे पडायचे. एखादा केसांत अडकला की मी किंचाळायचे, आणि तुम्ही तो हलक्या हाताने काढायचात. बाबा, ते भुंगेरे गोळा करणं यंदाही करू, पण फांद्या मी हलवीन.

आता ऐका. आळवणी, म्हणजे औषधाचं पाणी मुळाशी ओतणं, संध्याकाळीच, जमीन ओली असताना. उन्हात हे जीव मरतात. पंप स्वच्छ धुवायचा, बारीक जाळी काढायची, दुसरं औषध त्यात मिसळायचं नाही. पंप गडी उचलेल. तुम्ही बांधावर खुर्ची टाकून बसा आणि त्याला सांगा. कुठल्या झाडाला किती, हे तुमच्याइतकं कुणाला कळतं?

आई, पुडा आला की माठाजवळ सावलीत ठेव, पत्र्याच्या खोलीत नको. तुझा गुडघ्याचा पट्टा आणि बाबांची वाफेची मशीनही आणतेय. दिवे घाटात गर्दी असते, जेवायला माझी वाट बघू नका.

तुमची,
मनू