परड्यातल्या माडाबद्दल दत्ताला

वडगाव, बेळगाव
मृगाच्या तोंडावर

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार. इकडं सगळी बरी आहेत, आईचा गुडघा आहे तसाच. फोनच करणार होतो, पण फोनवर तू मधेच भांडायला लागतोस, म्हणून लिहितोय. तुमच्या परड्यातल्या माडाला भुंगा लागलाय, आणि दादा म्हणतात पाऊस लागायच्या आत झाड काढून टाकू. तो माड कुणी कुठनं आणला ते तुला सांगायला नको. हे नीट वाच आणि दादांना फोन कर. माझं ते ऐकत नाहीत.

वरच्या दोन नव्या झावळ्या उलगडल्या तेव्हा पाती दोन्ही बाजूंनी सारखी तिरकी कापलेली निघाली, घडी घातलेला कागद कात्रीनं कापून उघडावा तशी. ही गेंड्या भुंग्याची खूण. पान सुईसारखं मिटलेलं असताना तो भोक पाडून आत शिरतो आणि चघळलेला चोथा भोकाच्या तोंडाशी ढकलतो. आपल्याला ते पान उलगडल्यावर दिसतं, म्हणजे घाव बराच जुना असतो.

दादांना वाटतं शेंडा खाल्ला, झाड संपलं. तसं नाही रे. एकटा गेंड्या मोठा माड सहसा मारत नाही. भीती आहे ती त्याच्या मागनं येणाऱ्या सोंड्याची. तो तांबडा, लांब सोंडेचा भुंगा अशाच ओल्या जखमेत अंडी घालतो. मग त्याच्या अळ्या आतून गाभा पोखरत जातात आणि वरनं झाड बरेच दिवस हिरवंगार दिसतं. माडाला वाढीचा कोंब एकच. आंब्यासारखं बाजूनं फुटणं नाही, आणि खोडावरची जखम भरूनही येत नाही. म्हणून जे करायचं ते आत्ता.

वर चढणाऱ्याला टोक वाकवलेली तार द्यायची. भोकात घालून भुंगा ओढून काढायचा. नंतर २५० ग्रॅम निंबोळी पेंडीची भुकटी आणि तेवढीच बारीक वाळू मिसळून वरच्या दोन-तीन झावळ्यांच्या बगलेत भरायची. वर्षातनं तीनदा. पेंड नसली तर तीन-चार डांबरगोळ्या बगलेत ठेवून वर वाळू, पण त्या विरून जातात, दर दीड महिन्यानं पुन्हा ठेवाव्या लागतात. माझं मत पेंडीचं.

सोंड्या आलाय का, हे खोडावर बघायचं. भोकं, त्यातनं बाहेर आलेला तंतूंचा भुसा, तांबूस-काळपट चिकट द्रव. रात्री सगळं शांत झालं की खोडाला कान लावायचा, अळ्या असल्या तर कुरतडल्यासारखं ऐकू येतं. आज तरी यातलं काही नाही. उद्या दिसलंच तर खालची भोकं सिमेंटनं बुजवायची आणि सगळ्यात वरच्या भोकातनं नरसाळ्यानं औषध ओतून तेही बंद करायचं. लिटर पाण्याला १ मिली इमिडाक्लोप्रिड घालतात, तरी आधी शेतीखात्याच्या रयत संपर्क केंद्रात विचारून. आणि पुढचा दीड महिना त्या झाडाचं शहाळं कुणाला द्यायचं नाही, पाहुण्यांनासुद्धा.

शेजारचे म्हणतात गंधाचा सापळा टांगा. एका माडाच्या परड्यात नको. त्या वासानं दुसरीकडचे सोंडे गोळा होतात आणि सगळेच बादलीत पडत नाहीत. मोठ्या बागेत ठीक आहे, तेही झाडापासून लांब. गेंड्यासाठी मात्र १ किलो एरंडाची पेंड ५ लिटर पाण्यात भिजवून मडक्यात घालून ठेवली तर भुंगे येतात. सकाळी काढून मारायचे.

आता कोंब जिवंत आहे की नाही याचा पुरावा. मधली मिटलेली सुई आणि तिच्या शेजारची झावळी, दोन्हींवर एका पातळीत ऑइलपेंटची रेघ मारून ठेवायची. आठ-दहा दिवसांनी सुईवरची रेघ वर सरकलेली दिसली की झाड वाढतंय. दादांना एवढं तरी थांबायला सांग. सरकली नाही, तर सुई हलक्या हातानं ओढून बघायची. अलगद हातात आली आणि बुडाशी घाण वास असला तर ती कोंबकुज, पावसाळ्यात बुरशीनं येते. तीही वेळेत सापडली तर सुटते: कुजलेलं सगळं खरवडून काढायचं, बोर्डो मलम लावायचं, आणि नवा कोंब येईपर्यंत वर प्लास्टिक बांधायचं. मलमासाठी १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम चुना अर्ध्या लिटरात, वेगवेगळे भिजवून मग एकत्र. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं, धातूचं नको. लोखंडी पातं बुडवून बघायचं, तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय.

हे सगळं केलं आणि उकिरडा तिथंच राहिला तर वर्षभरात पुन्हा हेच. भाडेकरूंनी शेण, पालापाचोळा, जुना ओंडका सगळं माडापासनं चार हातांवर टाकलंय. परवा फावड्यानं उकरलं तर अंगठ्याएवढ्या, पांढऱ्या, अर्धगोल वळलेल्या अळ्या, डोकं तपकिरी. गेंड्याची सगळी पैदास त्यात. आधी तो उपसायचा, अळ्या वेचून मारायच्या, खत पसरून वाळवायचं. नव्या ढिगात मेटारायझियम नावाची बुरशी मिसळून ओल ठेवली की ती अळ्या मारते. आणि दादांनी शेवटी झाड पाडलंच, तर खोड आणि बुंधा परड्यात पडून राहू द्यायचा नाही, दोन्ही भुंगे त्यातच वाढतात.

दोन जुनी भांडणं आहेत, तीही मिटवून टाकू. गणपतीच्या मांडवाला हिरव्या झावळ्या हव्यात म्हणून तुम्ही लोक त्या खोडालगत छाटता, 'दिसायला साफ' म्हणून. ओल्या देठाच्या वासावर सोंड्या येतो. तोडायचीच झाली तर चार फूट देठ राखायचा. वाळलेली आपोआप गळते, तिला हात लावायचा नाही. आणि खोडात पायऱ्या नाहीत, खिळे नाहीत, कपड्यांची तारसुद्धा नाही. दुसरं भांडण मिठाचं. बुंध्यात मीठ टाकणं सोड, भाजीत घाल, वहिनी तक्रार करतात. मिठातनं माडाला जे क्लोराइड मिळतं ते पोटॅशच्या खतात असतंच. निपाणीच्या मामांच्या काळ्या जमिनीत तर मिठानं माती चिकटून बसेल आणि पाणी मुरायचं नाही.

खताचं विचारलं होतंस. फळ धरणाऱ्या माडाला वर्षाला साधारण १ किलो युरिया, २ किलो सुपर फॉस्फेट, २ किलो पोटॅश, शिवाय २५ ते ५० किलो चांगलं कुजलेलं शेणखत. एक तृतीयांश आत्ता पहिल्या पावसावर, बाकी सप्टेंबर-ऑक्टोबरात. बुंध्याशी ओतायचं नाही, बुंध्यापासनं सहा फुटांपर्यंतच्या आळ्यात पसरून मातीआड करायचं. मागं नवी पानं आखडलेली, टोकं चिकटलेली निघत होती, ते बोरॉन कमी पडल्यामुळं. बोरॅक्स ५० ग्रॅम पुरतं, जास्त नको.

मनीचा निकाल कळला, छान झालं, अभिनंदन सांग. नवीन घराचा ताबा मिळाला का? आक्कांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणे, आता दिसतंय ना नीट?

झाडावर चढणारा माणूस खानापूरहून बुधवारी येतोय. त्याच्या आत दादांशी बोल, आणि भाडेकरूंना उकिरड्याचं तूच सांग, मी सांगितलं तर वाईट दिसेल. पेंड मी आणून ठेवतो.

तुझा,
शिवा