आलो आणि आले

कोल्हापूर,
मंगळवार, रात्री साडेदहा

चि. अथर्व,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "जेवलो, झोपतोय" एवढंच बोलतोस आणि मीही "बरं" म्हणून ठेवते. दिवाळीपासून असंच चाललंय. म्हणून आठवीच्या वह्या बाजूला सारून लिहायला बसले आहे.

भाऊबीजेला वैभवदादानं तुझ्या लॅपटॉपमध्ये डोकावून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "हे काय, गेममध्ये पोरगी होऊन खेळतोयस व्हय?" घर भरलेलं होतं. आत्या हसली, पप्पा हसले. आणि मी हातातलं फराळाचं ताट तसंच धरून म्हणाले, "पोराचा घे की रे, पोराचा नसतो काय त्यात?" तू लॅपटॉप मिटलास आणि गच्चीवर गेलास. दादानं चेष्टा केली आणि तो विसरला. मी चेष्टा केली नव्हती, खरंच विचारलं होतं, आणि तुला लागलं ते तेच. माझं चुकलं, अथर्व. त्या दिवशीच वर येऊन सांगायला हवं होतं. आले नाही.

तुला एक सांगायचं राहिलंय. मी बी.एड.ला पुण्याला गेले तेव्हा बावीस वर्षांची होते. पहिल्याच आठवड्यात वर्गाच्या दारात उभी राहून म्हणाले, "सर, आत येऊ का? बस चुकली, उशिरा आलो." सरांनी खडू खाली ठेवला. "आलो? तुम्ही मुलगा आहात का?" सगळा वर्ग हसला. माझ्या खोलीतली मैत्रीणही हसली. मी आत जाऊन बसले आणि दुपारपर्यंत मान वर केली नाही. त्यानंतर वर्षभर तोंड उघडण्याआधी प्रत्येक क्रियापद मनात तपासून घ्यायचे. सुट्टीला येताना एस.टी.नं खंबाटकी घाट ओलांडला, की 'आले'चं परत 'आलो' व्हायचं आणि छाती मोकळी व्हायची.

आपल्याकडच्या बायका असंच बोलतात. आज्जी अजून रोज सकाळी "अंबाबाईला जाऊन येतो" म्हणते आणि निघते. तिला कुणी कधी विचारलं नाही, की जाणारी बाई आहे की पुरुष. आणि ज्या मला एका 'आलो'नं वर्षभर मुकं केलं, तीच मी गेली वीस वर्षं मुलींच्या निबंधातला 'आलो' लाल पेनानं खोडते आहे. प्रमाणभाषा शिकवायला हवी, पेपरात तीच लागते, ते मी करणारच. पण शेरा देताना माझा आवाज कसा लागतो, हे मी दिवाळीनंतर पहिल्यांदा ऐकलं.

आता तुझं बोलणं बघ. बारावीच्या सुट्टीत तू स्वयंपाकघरात येऊन सांगायचास, "आई, शेवटच्या मिशनला गेलो, टीममधले दोघं मेले, मी वाचलो." पडद्यावर तुझ्या 'मास इफेक्ट' गेमची नायिका, कमांडर शेपर्ड बाई, तुझ्या तोंडी 'गेलो' आणि 'वाचलो'. तू कधी अडखळला नाहीस, मलाही ऐकताना खटकलं नाही. तुझ्या गेमच्या इंग्रजीत हा प्रश्नच येत नाही. 'आय' आणि 'यू'ला लिंग नाही, क्रियापदालाही नाही. शेपर्ड पुरुष घ्या की बाई, बहुतेक संवाद दोघांना तेच चालतात, फक्त आवाज देणारे दोन, मार्क मीर आणि जेनिफर हेल. सगळे आडनावानंच हाक मारतात, कारण पहिलं नाव खेळणारा ठरवतो.

हाच गेम मराठीत करायचा झाला तर? "कुठून आलास?" आणि "कुठून आलीस?" समोरच्या प्रत्येक पात्राला दोनदा बोलावं लागेल. शेपर्डचं निम्मं बोलणं मात्र एकदाच लिहून भागेल. 'मी दार उघडलं', 'मी त्याला मारलं', इथं क्रियापद कर्त्याकडे बघतच नाही, दाराकडे बघतं. पण 'मी पडलो, मी घाबरले, मी रडले' म्हटलं की लगेच कळतं. मराठीत मारताना कळत नाही, रडताना कळतं. वीस वर्षं व्याकरण शिकवून हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, तुझ्या खेळामुळं आलं.

गेल्या रविवारी पप्पा गावाकडं गेले होते, तेव्हा मी तुझा जुना कॉम्प्युटर लावला. रागावू नकोस, तू सेव्ह करून ठेवलेल्या खेळाला हात लावला नाही. स्कायरिम हा तुझा दुसरा गेम नव्यानं सुरू केला. गाडीतून हात बांधून नेतात, हेल्गन नावाच्या गावात उतरवतात, आणि शिपाई विचारतो तू कोण. समोर नॉर्ड जमातीचा एक धिप्पाड पुरुष उभा होता. मी त्याचं नाक नीट केलं, दाढी कमी केली, डोळ्यांचा रंग बदलला. वीस मिनिटं गेली असतील. मग जाणवलं, की बाई घेता येते हे माझ्या मनातच आलं नव्हतं. मला! तुला "पोराचा घे" म्हणणाऱ्या मला कुणी न सांगता पोराचाच मिळाला होता, आणि मी मुकाट घेतला होता.

बदलणार होते. बदलला नाही. त्यालाच घेऊन रानातून निघाले. अंधार पडला, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि मी चालत होते. लांडगे आले, त्यांनी मला दोनदा मारलं, तिसऱ्यांदा मी त्यांना. पण त्याआधीची ती दहा मिनिटं, अथर्व. सेहेचाळीस वर्षांत रात्रीच्या रस्त्यावरून मी अशी कधी चालले नाही. त्या गेममध्ये बाई घेतली असती तरी कुणी काही बोललं नसतं, हे मला माहीत आहे. पण माझ्या डोक्यात ते शरीर असल्याशिवाय मला तसं चालता आलं नसतं. पोरगी का घेतलीस असं मी तुला विचारलं. मी पोरगा का घेतला हे मला कुणी विचारलं असतं, तर सांगायला कितीतरी होतं.

स्कायरिममध्ये बाई घेतली काय आणि पुरुष घेतला काय, ताकद सारखीच, हे तूच मला सांगितलं होतंस. त्याच मालिकेतल्या मॉरोविंडमध्ये २००२ साली आणि ऑब्लिव्हियनमध्ये २००६ साली ताकद वगैरेचे सुरुवातीचे आकडेच दोघांचे वेगळे होते. या सगळ्या खेळांचं मूळ असलेल्या, कागद-फाशांवर खेळायच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्सचं १९७८चं खेळाडूंसाठीचं पुस्तक तर स्पष्ट नियम घालतं: बाईची ताकद अमुक आकड्याच्या वर जाणार नाही. खेळ सगळा मनातला, राक्षस, जादू, उडते साप सगळं चालतं, पण पुरुषाएवढी ताकदवान बाई चालत नाही! कावळा नाक्यावरून जाताना मला हे आठवतं आणि मी घोड्यावरच्या ताराराणींकडे बघते. राजाराम महाराज गेल्यावर १७०० पासून सात वर्षं या बाईनं औरंगजेबाशी लढाई चालवली. त्यांच्या आकड्यांना मर्यादा कोण घालणार होतं?

तू एकटाच असा आहेस असं तुला कुणी भासवलं असेल तर हे ऐक. मास इफेक्ट काढणाऱ्या बायोवेअरनं पूर्वी सांगितलं होतं, की शंभरातले अठराजण बाई शेपर्ड घेतात. २०२१ साली तिन्ही भाग एकत्र आले, तेव्हा हाच आकडा बत्तीस झाला. आणि पहिल्या दोन भागांच्या डब्यांवर पुरुषच. तिसऱ्या भागाला, २०१२ साली, वेष्टण उलटवलं की आतल्या बाजूला ती दिसते. तोपर्यंत तिला शोधावी लागायची, मेन्यूत जाऊन. मला वाटतं ज्यांनी शोधली, त्यांना ती हवीच होती.

एक गोष्ट मला आवडली नव्हती, तीही लिहिते. तुझा तो मित्र एकदा म्हणत होता, "शंभर तास पाठच बघायची तर पोराची कशाला?" खेळताना पात्र पाठमोरंच दिसतं ना. तुमच्या खोलीचं दार उघडं होतं. कित्येक जण असंच म्हणतात म्हणे. मला ते ऐकून कसंतरी झालं, आणि कितीतरी गेममध्ये पुरुषाच्या अंगावर आख्खं चिलखत आणि बाईच्या अंगावर त्याच चिलखताच्या चार पट्ट्या असतात, ते याच बोलण्यातून येतं. पण मग मी तुझी शेपर्ड बघितली. नखशिखांत चिलखत. केस बारीक कापलेले. गालावर जुन्या जखमेची खूण. ती खूण तू मुद्दाम दिलीस ना? तिच्याबद्दल मी तुला कधी विचारलंच नाही.

अकरावीतलं आठवतं? ऑनलाइन गेममध्ये तू मुलीचं पात्र आणि मुलीचं नाव घेतलं होतंस. तिसऱ्या दिवशी माझ्याजवळ येऊन बसलास आणि म्हणालास, "लोक लई घाण बोलतात गं." कुणी फोटो मागत होतं, कुणी फुकट तलवार देऊन मागं लागलं होतं, एकानं जे लिहिलं ते तू मला वाचूनही दाखवलं नाहीस. तेव्हाही मी म्हणाले होते, "मग मुलाचं नाव घे." तू घेतलंस आणि ते थांबलं. त्या रात्री मी बराच वेळ जागी होते. तू ज्यातून तीन दिवस गेलास, त्यातून मी कॉलेजची तीन वर्षं सीबीएस स्टँडवर गेले होते, राधानगरीची गाडी लागेपर्यंत. मागून येणारे आवाज, पर्स छातीशी धरून खांबाला पाठ लावून उभं राहायचं. नाव बदलायचं बटण मला नव्हतं. हे मी तुझ्या पप्पांनाही कधी सांगितलेलं नाही. तुझ्याशी बोलता आलं असतं, कारण ते कसं वाटतं हे तुला थोडं कळलं होतं. आणि मी एका वाक्यात तो विषय मिटवला.

२०२४ च्या ८ ऑगस्टच्या रात्री आपण दोघं खासबागेच्या कोपऱ्यावर उभे होतो. केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेलं, तेव्हाचं पॅलेस थिएटर. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आजूबाजूची मोठी माणसं उघड रडत होती. तू विचारलंस, "एवढे कोण होते ते?" धुरानं माझा घसा बसला होता, मी नीट सांगितलं नाही. केशवराव याच गावचे. लहान वयात 'शारदा' नाटकात ते शारदा झाले आणि महाराष्ट्रभर गाजले. पुढं त्यांनी स्वतःची ललितकलादर्श कंपनी काढली. १९२१ साली मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं, त्यात बालगंधर्व नायिका भामिनी आणि केशवराव नायक धैर्यधर. शारदा होणारा मुलगा धैर्यधर झाला. त्याच वर्षी ते गेले, अवघे एकतीस वर्षांचे.

त्या काळी बायकांना रंगमंचावर जाऊ देत नसत म्हणून पुरुषांना बाई व्हावं लागे. बायकांवरचा तो अन्याय मी विसरायला सांगणार नाही, आणि त्यांचं आणि तुझं एकच आहे असंही म्हणणार नाही. त्यांच्यापुढं पर्याय नव्हता, तुझ्यापुढं आहे, आणि तू निवडतोस. पण शारदा झालेल्या पोराचं नाव ज्या गावानं नाट्यगृहाला दिलं, त्या गावातल्या घरात माझा मुलगा पोरगी घेऊन खेळतो म्हणून सगळे हसले, आणि त्यात मी होते. हे मला सोसत नाही.

आणखी एक. तू तिला का घेतोस याचं उत्तर मला देण्याची गरज नाही. आवाज आवडतो म्हणून असेल, एकदा पुरुष घेऊन झाला म्हणून असेल, नुसतीच गोष्ट बरी वाटते म्हणून असेल. त्यात तुझ्याबद्दल काही खोलवरचं असेल आणि कधी सांगावंसं वाटलं, तर मला सांग. मी ऐकेन. नाही सांगितलंस तरी मी काही धरून बसणार नाही. पप्पांशी मी बोलले आहे. ते म्हणाले, "मी का हसलो मलाच माहीत नाही." दादाशी तू बोलायचं की मी, ते तू ठरव.

आज्जीचा गुडघा बरा आहे. रंकाळ्यावर परत फिरायला जाते. तुझ्यासाठी भडंग आणि तांबड्या रश्श्याचा मसाला वरच्या गल्लीतल्या काकांबरोबर पाठवतेय, ते शुक्रवारी पुण्याला येताहेत. डबा परत पाठव.

आणि पुढच्या सुट्टीत तुझी शेपर्ड मला पहिल्या भागापासून दाखव. कंट्रोलर तुझ्याच हातात राहू दे, मी शेजारी बसेन. त्या जखमेपासून सुरुवात कर.

रविवारी सकाळी फोन करतो.

तुझी,
आई