कंत्राटी कामगारांनी पावतीकडे बघावे

संपादक महोदय,

चाकण, रांजणगाव पट्ट्यात ठेकेदारामार्फत मिळणारी कामे बहुधा काही महिन्यांचीच असतात. रुजू होणाऱ्या मुलांचे सगळे लक्ष 'हातात किती' याकडे. नुकसान मात्र पगारपावतीत होते.

ठेकेदार बदलला की अनेकदा दुसरा यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) निघतो आणि पीएफचे पैसे दोन-तीन खात्यांत विखुरतात. म्हणून रुजू होताना पीएफचा फॉर्म 11 भरताना जुना 12 आकडी यूएएन लिहावा. नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणेच हवी, नाहीतर पैसे काढण्याचा अर्ज परत येतो. काम सोडल्याची तारीख ठेकेदाराने भरली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी आधार ओटीपीने ती स्वतः भरता येते. हे फार थोड्यांना ठाऊक असते! पावतीवर कपात दिसली म्हणजे रक्कम जमा झाली असे नव्हे. सरकारच्या उमंग ॲपवर दरमहा पीएफचे पासबुक पाहावे.

ईएसआयसाठी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) पगाराच्या 0.75 टक्के कापले जातात. पण आजारपणाच्या भत्त्याला एका सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी लागते, त्यामुळे मधले खाडे महागात पडतात.

ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी जिथे काम केले त्या मूळ कंपनीवर येते. मात्र तिथे काम केल्याचा पुरावा हवा. गेटपासचा फोटो काढून ठेवावा. वहीत तारीख, पाळी आणि ओव्हरटाइमचे तास रोज लिहावेत. ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो, हेही पावतीवर ताडून पाहावे.

– एक वाचक, पिंपरी