हिमरूची उलटी बाजूही दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला संग्रहालयांमधल्या शोभिवंत कलावस्तूंच्या प्रदर्शनांवरचा लेख वाचला. मेहनतीने लिहिला आहे, त्याबद्दल लेखकाचे आभार. पण पानभर लेखात लंडन आले, पॅरिस आले, भायखळा आले. मराठवाड्याच्या वाट्याला एक ओळ, तीही ‘पैठणी वगैरे’. हिमरू या आमच्याकडच्या सुती-रेशमी विणकामाचे नावसुद्धा नाही. ते वाचल्यापासून मन लागेना, म्हणून हे पत्र.

लंडनमधल्या हाइड पार्कच्या १८५१ च्या प्रदर्शनाने भारतीय कलेचा गौरव झाला, असे लेखात म्हटले आहे. कौतुक झाले, हे खरेच. पण त्यातल्या निवडक वस्तू ५,००० पौंडांच्या सरकारी अनुदानातून विकत घेतल्या गेल्या, त्या तिथल्या कारागिरांनी आणि विद्यार्थ्यांनी गिरवाव्यात म्हणून. त्याच वस्तूंवर पुढे साउथ केन्सिंग्टनचे संग्रहालय उभे राहिले. १८६६ मध्ये फोर्ब्स वॉटसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने भारतीय कापडाचे ७०० तुकडे १८ खंडांत लावून ठेवले. कशासाठी? इथे कोणते कापड खपते ते तिकडच्या गिरणीवाल्यांना कळावे म्हणून! भायखळ्याच्या संग्रहालयाचे मूळही १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी जमवलेल्या वस्तूंतच आहे. १८७२ मध्ये ते राणीच्या बागेत लोकांसाठी उघडले. या सगळ्यात विणणाऱ्याचे नाव कुठे? आमचा भाग तर तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे राज्याच्या नावाखाली गावही झाकले जायचे. लेखकाने एवढा इतिहास लिहिला, त्यात हे एक वाक्य यायला हवे होते.

आणि हे जुन्या काळापुरते राहिलेले नाही. काही वर्षांपूर्वी १७ सप्टेंबरच्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या निमित्ताने आमच्याकडच्या एका संग्रहालयात मराठवाड्यातल्या हस्तकलांचे प्रदर्शन भरले होते. नाव घेत नाही. त्यांनी मागितली म्हणून वडिलांनी विणलेली हिमरूची शाल मी विश्वासाने दिली. उद्घाटनाला गेले तर शाल प्लायवूडच्या फळीवर ताणून चारी कोपऱ्यांना खिळे ठोकलेले, बाजूच्या खिडकीतून थेट ऊन, आणि खाली चिठ्ठी : ‘पैठणी शाल, निजामकालीन, खासगी संग्रह’. माझे वडील मुक्तिसंग्रामानंतर वीस-बावीस वर्षे माग चालवत होते. ही शाल तेव्हाचीच.

मी तिथल्या माणसाला म्हटले, शाल उलटी करून बघा, तुमचे तुम्हालाच कळेल. पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. हिमरूत ताणा म्हणजे उभे धागे सुती, वरची नक्षी रेशमाच्या जादा बाण्याची, म्हणजे आडव्या धाग्यांची, आणि त्या बाण्याचे सुटे धागे मागच्या अंगाला दाट पसरलेले असतात. त्यावर हात फिरवला की मऊ लागते, थंडीत ऊबही त्यानेच येते. लहानपणी मागावर उंच बसून नक्षीच्या दोऱ्या ओढायचे काम मी केले आहे. वडील खाली खड्ड्यात पाय सोडून बसलेले असत. ते हाक देत ती दोरी ओढायची, की ते धोटा टाकत. एक दोरी चुकली की फुलाची पाकळी मोडे आणि ती ओळ उसवावी लागे. इतके सांगूनही तो गृहस्थ मला म्हणाला, “ताई, लोकांना पैठणी माहीत आहे, हिमरू कोण विचारतो?” लोकांना माहीत नाही म्हणूनच तर संग्रहालय असते ना? की जे माहीत आहे तेच काचेत लावायचे?

प्रदर्शन संपल्यावर शाल घरी आली ती कोपऱ्यांवर गंजाचे डाग घेऊन. उन्हाकडच्या पट्ट्यातला किरमिजी रंग उडालेला. चिठ्ठी शेवटपर्यंत बदलली नाही. वडिलांचे नाव लिहा, एवढीच विनंती मी लेखी केली होती. उत्तर आले नाही.

पैठणीशी माझे वैर नाही, ती आमचीच आहे. पण तिच्या एका नावाखाली या भागातले सगळे विणकाम घालू नका.

आणखी एक. त्याच पुरवणीत ‘सुट्टीत पाहावीत अशी संग्रहालये’ म्हणून यादी दिली आहे. त्यात मराठवाड्यातले एकही नाही. धाराशिव जिल्ह्यात तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले शासकीय संग्रहालय आहे. तिथे हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती आहे. इटलीतले पाँपेई हे शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले; तिथे १९३८ मध्ये सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. जालना जिल्ह्यात भोकरदनच्या उत्खननातही तशीच एक सापडली. म्हणजे इथली कारागिरी लंडनच्या त्या प्रदर्शनाआधी अठराशे वर्षे समुद्रापार पोचली होती, असे मानायला जागा आहे. पाँपेईची मूर्ती बघायला लोक नेपल्सला जातात, आणि आपल्या वाचकाला तेरचा रस्ताही सांगितला जात नाही. पैठणचे शासकीय संग्रहालयही यादीत नाही.

यादी पुन्हा छापणार असाल तर ही दोन्ही नावे घाला. आणि हिमरूवर स्वतंत्र लेख करणार असाल तर छायाचित्रकाराला माझ्याकडे पाठवा. शाल डागांसकट दाखवीन. मात्र फोटो दोन्ही बाजूंचे छापा, आणि खाली विणकराचे नाव द्या. ते मी कागदावर लिहून देईन.

आपली,
एक वर्गणीदार वाचक,
छत्रपती संभाजीनगर