चीता उडवणाऱ्या साहेबांना, एका जवानाच्या बहिणीचं पत्र

आदरणीय साहेब,

सविनय नमस्कार.

तुमचं नाव आम्हाला कधीच कळलं नाही, म्हणून हे पत्र असं उघडच लिहिते आहे. जून १९९९ मध्ये, कारगिलच्या लढाईत, द्रासच्या वरच्या एका कड्यावर माझ्या थोरल्या भावाच्या मांडीत स्प्लिंटर घुसला. सोबतच्या जवानांनी त्याला रात्रभर आळीपाळीने पाठीवर घेऊन खाली आणलं. सकाळी दगड बाजूला सारून केलेल्या जेमतेम सपाट जागेवर तुम्ही चीता हेलिकॉप्टर उतरवलंत आणि दादाला उचलून नेलंत. श्रीनगरच्या ९२ बेस हॉस्पिटलमध्ये त्याचा पाय वाचला. आज तो स्वतःच्या पायांनी शेताला पाणी धरायला जातो. त्यासाठी तुमचे मनापासून आभार.

त्या दिवशी तुम्ही नेमकं काय केलंत, हे समजायला मला बरीच वर्षं लागली. दादा लढाईबद्दल फारसा बोलत नाही. नाशिकमध्ये राहायला आल्यावर गांधीनगरच्या धावपट्टीवरून उडणारी शिकाऊ हेलिकॉप्टरं रोज दिसू लागली, तशी मी लष्करातून निवृत्त झालेल्या शेजाऱ्यांना विचारत गेले. चीता एकाच इंजिनाचं. मूळ फ्रेंच लामा हेलिकॉप्टर, आपल्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सने (एचएएल) सत्तरच्या दशकापासून इथे बांधलेलं. तेवढ्या उंचीवर हवा इतकी विरळ असते की पंख्याला पुरेशी उचल मिळत नाही, म्हणून इंधन मोजून भरायचं आणि वजन किलोकिलोने कमी करायचं. वर उतरल्यावर इंजिन बंद करायचं नाही, कारण ते पुन्हा सुरू होईलच याचा भरवसा नसतो. पंखा फिरत असतानाच जखमीला आत घ्यायचं आणि निघायचं.

आणि हे सगळं २८ मे नंतर. त्या दिवशी द्रासजवळच्या तोलोलिंग शिखरावर आपलं एमआय-१७ हेलिकॉप्टर स्टिंगर क्षेपणास्त्राने पाडलं गेलं. स्क्वाड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट मुहिलन, सार्जंट प्रसाद आणि सार्जंट साहू, चौघेही गेले. चार हेलिकॉप्टरांच्या त्या तुकडीत क्षेपणास्त्राला चकवणारे फ्लेअर नेमके त्याच हेलिकॉप्टरवर नव्हते. त्यानंतर एमआय-१७ हल्ल्याच्या कामातून मागे घेतली. तुम्ही मात्र त्याच दऱ्यांमधून येत राहिलात, चिलखत नसलेल्या चीतामधून, जखमींसाठी. याची जाणीव झाली तेव्हा मला रडू आवरेना.

आता जे लिहिते ते तुम्हाला कदाचित आवडणार नाही, कारण गणवेशातली माणसं पक्षांबद्दल बोलत नाहीत. मी बोलू शकते.

एप्रिल ९९ मध्ये वाजपेयी सरकार एका मताने पडलं होतं. लढाई काळजीवाहू सरकारने लढवली आणि सप्टेंबरमध्ये निवडणुका झाल्या, आपल्याकडे तर लोकसभा आणि विधानसभा एकदमच. दादा तेव्हा कुबड्या घेऊन चालत होता आणि मंचामंचावर कारगिलचा जयजयकार चालू होता. पुढे शवपेट्यांच्या खरेदीतल्या घोटाळ्याच्या आरोपावरून संसदेत ‘कफनचोर’ अशा आरोळ्या उठल्या. ज्या तेव्हाच्या संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिसांवर त्या उठल्या, त्यांच्यावर काही सिद्ध झालं नाही. चीताची जागा घेणाऱ्या हेलिकॉप्टरांचं काय झालं? १९७ हेलिकॉप्टरांची खरेदी २००७ मध्ये काँग्रेस आघाडीच्या काळात रद्द झाली, दुसरी निविदा २०१४ मध्ये भाजप सरकारने रद्द केली. मग रशियाशी कामोव्ह हेलिकॉप्टरांचा करार झाला, तोही कागदावरच राहिला. मार्च २०२३ मध्ये अरुणाचलात मंडालाजवळ चीता कोसळून आणखी दोन अधिकारी गेले. वैमानिकांच्या बायकांनी ही जुनी हेलिकॉप्टरं थांबवा म्हणून २०१५ मध्येच संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांकडे गाऱ्हाणं मांडलं होतं. दोन्ही पक्षांना मी याचा जाब विचारते.

मात्र सर्वांत जास्त राग मला २०१९ चा आहे. २७ फेब्रुवारीला काश्मीरमधल्या बडगाममध्ये आपल्याच क्षेपणास्त्राने आपलंच एमआय-१७ पाडलं. आमच्या नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे त्यात होते. सहा जवान आणि खाली एक नागरिक, असे सात जीव गेले. त्या दिवसांत लोकसभा निवडणुकीच्या प्रचारफलकांवर सैनिकांचे फोटो झळकत होते, इतके की मार्चमध्ये निवडणूक आयोगाला ते लावू नका असं पक्षांना बजावावं लागलं. बडगामची चूक मात्र निकालानंतर चार महिन्यांहून अधिक काळ गेल्यावर, ऑक्टोबरमध्ये हवाईदल प्रमुखांनी जाहीरपणे मान्य केली. ज्यांनी शौर्यावर मतं मागितली, त्यांनी त्या सात घरांना खरं सांगायला एवढा वेळ का लावला? हे मी भाजपच्या उमेदवाराला तोंडावर विचारलं आहे. पुढच्या वेळी जो कोणी दारात येईल, त्याला चीताच्या जागी नवं हेलिकॉप्टर कधी येणार, हेही विचारणार आहे.

साहेब, तुम्ही आता निवृत्त झाला असाल. कधी नाशिककडे आलात तर सिन्नरच्या बाजूला आमचं गाव आहे. दादाला तुमचा चेहरा आठवत नाही, हेल्मेट आणि काळी काच तेवढी आठवते. तरी तो म्हणतो, आवाज ऐकला की ओळखेन.

आपली कृतज्ञ,
एका जवानाची धाकटी बहीण