डिस्चार्ज कार्डावरचा ‘एसओएस’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात माझ्या सहा वर्षांच्या मुलाचं टॉन्सिलचं ऑपरेशन झालं. ऑपरेशनबद्दल काहीच तक्रार नाही. घरी आल्यावर जे झालं, त्याबद्दल लिहिते आहे.

डिस्चार्ज कार्डावर पॅरासिटामॉल सिरप, ५ मिली आणि पुढे ‘एसओएस’ एवढंच होतं. विचारलं तर सिस्टर घाईत म्हणाल्या, “दुखलं तर द्या.” मग मी त्याच्या ‘दुखतंय’ म्हणण्याची वाट बघत बसले. तो म्हणालाच नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा, थुंकी गिळायची नाही म्हणून टॉवेलवर सोडायचा. सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, “किती गुणाचं लेकरू, रडत पण नाही.” मलाही तसंच वाटलं. तिसऱ्या दिवशी पाणी पूर्ण बंद झालं आणि त्याला सलाईनसाठी परत भरती करावं लागलं.

त्या रात्रीच्या ड्यूटीवरच्या सिस्टर दहा मिनिटं आमच्याजवळ बसल्या. त्यांनी ‘दुखतंय का?’ असं विचारलंच नाही. सुईच्या भीतीनं मुलं नाही म्हणतात, म्हणाल्या. हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा चेहऱ्यांचा तक्ता पुढे धरला आणि विचारलं, “आत्ता यातला तू कोणता रे?” त्यानं पाचव्यावर बोट ठेवलं. मला तिथेच रडू आलं.

मग त्यांनी माझी बाटली मागितली. सिरप दोन ताकदींचं मिळतं: ५ मिलीत १२० मिग्रॅ आणि ५ मिलीत २५० मिग्रॅ. कार्डावरचे ५ मिली दुसऱ्या बाटलीचे होते. मी घरात होती ती पहिली वापरत होते. सोळा किलोच्या मुलाला मी कधीतरी, आणि तेही निम्मंच औषध देत होते! पहिले काही दिवस सहा-सहा तासांनी घड्याळ लावून द्या, रात्री उठवूनही, पण चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. औषधानंतर अर्ध्या तासानं घोट-घोट पाणी पाजा, घसा कोरडा पडला की जास्त ठणकतो, हे सगळं मला तेव्हा कळलं. घशातून ताजं रक्त आलं तर वाट न बघता दवाखान्यात यायचं, हेही.

लहान बाळांना फारसं दुखत नाही, असा समज एकेकाळी डॉक्टरांमध्येही होता. इंदूरला शिकलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी १९८७ मध्ये ऑक्सफर्डमधल्या अभ्यासातून तो खोडून काढला. आपल्या घरांतून मात्र ‘शूर ना तू?’ अजून गेलेलं नाही. माझ्याही तोंडून ते गेलं होतं.

वॉर्डात तीसेक मुलं आणि सिस्टर दोनच, हे मी डोळ्यांनी पाहिलं. तरी रुग्णालयांना कळकळीची विनंती आहे: मुलांच्या कार्डावर ‘एसओएस’ नको. बाटलीची ताकद, किती मिली आणि किती वाजता, हे मराठीत लिहा. आईबापांकडून एकदा वदवून घ्या. आणि तो चेहऱ्यांचा कागद सोबत द्या. त्या सिस्टरनी मला त्याची झेरॉक्स दिली होती. पुढचे आठ दिवस मुलगा रोज सकाळी स्वतःच त्यावर बोट ठेवून दाखवायचा.

– एक आई, कराड